आठ वर्षांच्या मुलीचं मधलं नाव

नावाबद्दल लिहितो आहे, पण यात नाव एकाचंही येणार नाही. जिच्याबद्दल आहे ती मोठी होऊन हे वाचेल, तेव्हा काय उघड करायचं ते तिनं ठरवावं.

मी आखातात, अल-खोबरमध्ये राहतो आणि रास अल खैरच्या प्रकल्पावर काम करतो. अंतर पावणेदोनशे किलोमीटरच्या आसपास, म्हणून रविवार ते गुरुवार कॅम्पमध्ये आणि शुक्रवार-शनिवार घरी. काम मोजमापाचं: किती काँक्रीट ओतलं, किती पाइप टाकला, नकाशात किती आणि जमिनीवर किती. हे सांगतो, कारण पुढे मी जे केलं ते या सवयीमुळेच केलं.

लग्न मी चव्वेचाळिसाव्या वर्षी केलं. पत्नीचं ते दुसरं. तिचे पहिले पती आजारपणात गेले तेव्हा मुलगी तीन वर्षांची होती. आमचं लग्न तिच्या सासऱ्यांनीच जुळवलं आणि वधूपित्याच्या जागी पाटावरही तेच बसले. त्यामुळे ते मला ‘जावईबापू’ म्हणतात आणि मी त्यांना ‘अण्णा’. मुलगी मला ‘काका’ म्हणते. लग्नानंतर दोघी इथे आल्या, त्याला अडीच वर्षं झाली.

आणखी एक गोष्ट आधीच सांगायला हवी. तिच्या वडिलांचं आणि माझं आडनाव एकच आहे. नातं काही नाही, आमच्याकडे अर्ध्या जिल्ह्याचं तेच आडनाव आहे. म्हणजे मुलीच्या नावात पहिलं नाव तिचं, शेवटचं आम्हा सगळ्यांचं, आणि ती कोणाची हे सांगणारं एकच ठिकाण: मधलं नाव.

संक्रांतीला इथल्या एका मराठी कुटुंबाच्या फ्लॅटमध्ये हळदीकुंकू आणि मुलांची चित्रस्पर्धा होती. आमच्या मुलीला दुसरा नंबर मिळाला. प्रमाणपत्रं ज्या बाईंनी लिहिली, त्यांनी आपल्याकडे सगळे करतात तेच केलं. मुलीचं नाव माहीत होतं, तिला घेऊन येणारा मी माहीत होतो, आडनाव माहीत होतं. न विचारता त्यांनी मधे माझं नाव लिहिलं. सुरेख अक्षरात.

मी ते फ्रिजवर लावलं.

पत्नीनं पाहिलं. भाजी काढायला दार उघडलं, बंद केलं, पुन्हा पाहिलं. चौथ्या दिवशी प्रमाणपत्र फ्रिजवर नव्हतं. मुलीच्या कपाटात होतं, चित्रांच्या फायलीत, नीट ठेवलेलं. कोणी ठेवलं ते मी विचारलं नाही.

विषय तिथेच संपला असता, पण मुलीचा पासपोर्ट सात महिन्यांत संपत होता. मी तारखा आधी बघतो. फॉर्म भरून देणाऱ्या एका हैदराबादी गृहस्थांकडे गेलो. त्यांनी जुना पासपोर्ट उलटसुलट पाहिला आणि म्हणाले, “साहब, ये बीच का नाम किसका है?”

मी सांगितलं.

“तो अभी मौका है. अपना डाल दो. सरनेम तो सेम है. फिर जिंदगीभर कोई पूछेगा नहीं. खलास.”

“नहीं डाला तो?”

“तो हर बार फाइल लेके घूमो. डेथ सर्टिफिकेट, निकाह का कागज, तर्जुमा. हर बार.”

मी त्यांच्या बोलण्यावर थांबलो नाही. अर्ज स्वीकारणाऱ्या केंद्रात जाऊन विचारलं. तिथल्या मुलीनं सांगितलं, दोन्ही होऊ शकतं. नाव बदलायचं तर भारतात राजपत्रात जाहीर करावं लागेल, त्याचे कागद वेगळे. तेच ठेवायचं तर आहेत तेच कागद पुन्हा. मी लिहून घेतलं. बदलण्यासाठी सात कागद, एकदाच. न बदलण्यासाठी चार, प्रत्येक वेळी. घरी येईपर्यंत मी मनातल्या मनात बदलण्याच्या बाजूला आलो होतो, आणि हा हिशोबाचा निर्णय आहे अशी माझी प्रामाणिक समजूत होती.

पत्नी पोळ्या करत होती. मी सगळं सांगितलं.

“तुम्हाला काय वाटतं?” तिनं विचारलं.

“सात कागद एकदा, की चार कागद दर वेळी.”

“मी कागदांचं नाही विचारलं.”

मी म्हणालो, “तिच्या सोयीचं बघायला हवं.”

“अहो, सोयीचं मला सांगू नका. माझं मधलं नाव आजवर तीन वेळा झालंय. जन्मल्यावर एक, पहिल्या लग्नात दुसरं, तुमच्याशी लग्न केल्यावर तिसरं. बँकेत, आधारला, राजपत्रात. प्रत्येक वेळी सगळे म्हणाले, सोयीचं पडेल. मला कोणी विचारलं नाही, आणि खरं सांगायचं तर मीही स्वतःला विचारलं नाही.” तिनं पोळी उलटली. “तिच्याबाबतीत मी हो म्हणणार नाही आणि नाही पण म्हणणार नाही. तुम्ही अण्णांना विचारा. आणि तिला.”

“ती आठ वर्षांची आहे.”

“नाव तिचं आहे ना?”

थोड्या वेळानं ती आपणहून बोलली. मुलगी व्हायच्या आधी पंधरा दिवस तिच्या पहिल्या नवऱ्यानं घरात हजेरी घेतली होती. वहीत अकरा मुलींची आणि नऊ मुलांची नावं लिहिली होती. स्वयंपाकघराच्या दारात उभं राहून तो मास्तरांसारखा पूर्ण नाव पुकारायचा, एकेक नाव, त्यापुढे स्वतःचं, त्यापुढे आडनाव. हिनं पोटावर हात ठेवून “हजर” म्हणायचं किंवा “गैरहजर”. ज्या नावाच्या मागे त्याचं नाव अडखळेल ते गैरहजर. अकरापैकी दहा मुली गैरहजर झाल्या.

“म्हणजे हे नाव त्याच्या नावाला जोडून बघून ठेवलंय,” मी म्हणालो.

“मग काय तर! वर मला म्हणायचा, शाळेत हिचं नाव पुकारलं की वर्गाला झोप लागली पाहिजे, इतकं गोड.” ती हसली. मग पिठाचा हात धुवायला गेली आणि नळ जरा जास्त वेळ चालू राहिला.

शुक्रवारी दुपारी मी अण्णांना फोन केला. ते एस.टी.तून निवृत्त झाले आहेत. आयुष्यभर स्थानकात गाड्यांची घोषणा केल्यामुळे फोनवरही पहिलं वाक्य फलाटावर ऐकू जाईल असं बोलतात.

“बोला जावईबापू! गरमी काय म्हणते?”

गरमी झाली, गुडघे झाले, मग मी विषय काढला. दोन्ही बाजूंचे कागद सांगितले. माझं मत सांगितलं नाही.

ते ऐकत होते. मग म्हणाले, “बदलून टाका.”

“अण्णा, विचार करून सांगा. घाई नाही.”

“विचार काय करायचाय? मुलीचं मधलं नाव पुढंमागं बदलायचंच असतं. आज तुमच्यापायी, उद्या नवऱ्यापायी. गाडीच्या पाट्या बदलतात तसं. तुम्ही पोरीला खाऊ घातलंय, शिकवताय, आजारपणात जागताय. आमची काही हरकत नाही. कागद पाठवा, सही करून देतो.”

“बरं.”

“आणि हिला सांगू नका,” ते हळू बोलले. हिला म्हणजे त्यांच्या पत्नीला, मुलीच्या आजीला. “म्हणजे, सांगीन मीच. सवडीनं.”

फोन ठेवला तेव्हा परवानगी माझ्या हातात होती. त्या माणसाच्या मुलाचं नाव जगात दोन ठिकाणी चालू होतं: त्यांच्या घरच्या दारावरच्या पाटीवर आणि या मुलीच्या मधोमध. त्यातलं दुसरं ते मला देऊन मोकळे झाले होते, आणि मला हायसं वाटलं होतं. ते खरं वाटलं होतं, म्हणून लिहितो.

रविवारी पहाटे कॅम्पकडे निघालो. जुबैल मागे पडलं की रस्ता सरळ होतो, दोन्ही बाजूंना रेती आणि विजेचे मनोरे. गाडीत मी एकटाच होतो. मी तिचं पूर्ण नाव मोठ्यानं म्हणून पाहिलं, मधे माझं घालून. तिचं तीन अक्षरी. तिच्या वडिलांचं दोन अक्षरी. माझं पाच अक्षरी, आणि ते आजोबा-पणजोबांच्या काळातलं. तिच्या नावाचा शेवट लांब आणि मोकळा आहे, माझ्या नावाची सुरुवात जोडाक्षरानं. गुळगुळीत रस्त्यावर एकदम गतिरोधक यावा तसं होत होतं. मी भरभर म्हणून पाहिलं, सावकाश म्हणून पाहिलं. शेवटी स्वतःलाच सांगितलं की सवयीनं बसेल. माझं आणि माझ्या आडनावाचंसुद्धा काही फार जमत नाही.

प्रकल्पावर स्टोअर सांभाळणारे गृहस्थ रत्नागिरीकडचे, कोकणी मुसलमान. वयानं माझ्याएवढेच. दुपारचं जेवण आम्ही बरेचदा एकत्र घेतो, कारण दोघांनाही जेवताना मराठी बोलायला बरं वाटतं. त्या दिवशी मी त्यांना हे सांगितलं, सल्ला मागायला नाही, झालेला निर्णय सांगावा तसं.

त्यांनी घास खाली ठेवला. “भाऊ, बापाचं नाव काढणार?”

“काढणार म्हणजे, माझं घालणार.”

“तेच ते.” त्यांनी डाळीची वाटी बाजूला केली. “आमच्यात ते चालतच नाय. माझ्या भावाची पोर माझ्याकडंच वाढली, तो गेला तेव्हा दीड वर्षाची होती. आता बारावीला आहे. आख्खा गाव तिला माझीच समजतो. पण नावात भाऊ. शाळेत भाऊ, पासपोर्टात भाऊ. सांभाळायचं, लाड करायचे, लग्न लावून द्यायचं, सगळं आपण. नाव ज्याचं त्याचं.”

“कागदांचा त्रास होत नाही?”

“होतो ना! म्हणून तर स्टोअरकीपर झालो, कागद सांभाळायची प्रॅक्टिस.” ते हसले आणि पुन्हा जेवू लागले. मग म्हणाले, “आणि तुम्ही राहता कुठं? इथल्या माणसाला पोरीच्या नावात तिचा बाप दिसला तर नवल नाय. नाय दिसला तर नवल. तुम्हाला आजवर कोणी अडवलं?”

या प्रश्नाचं उत्तर मला आकड्यात देता येत होतं. संध्याकाळी खोलीवर मी डायरी काढली. अडीच वर्षांत मुलीच्या मधल्या नावाबद्दल मला किती वेळा विचारलं गेलं? शाळेत दोनदा, प्रवेशाला आणि बससाठी. दवाखान्यात एकदा. तिच्या पहिल्या व्हिसाच्या वेळी एकदा. एकूण चार. प्रत्येक वेळी फाइल दाखवली, प्रत्येक वेळी काम झालं. चारही मिळून अर्धा तास गेला असेल. पहिल्यांदा दोघी आल्या तेव्हा दम्मामच्या विमानतळावर मी फाइल उघडी धरून बाहेर उभा होतो, कोणी बोलावलं तर धावत जायला. दोघी शिक्के मारून घेऊन बाहेर आल्या. अधिकाऱ्यानं एकही कागद मागितला नव्हता.

अडीच वर्षांत अर्धा तास. साइटवर कोणी मला एवढ्याशा कारणासाठी नकाशा बदलायला सांगितलं असतं, तर मी कागद परत पाठवला असता.

म्हणजे कारण कागदांचं नव्हतं. मला माझं नाव तिथे हवं होतं. त्या प्रमाणपत्रावर ते पाहिल्यापासून हवं होतं. तिच्या शाळेतून फोन आला, डॉक्टरांनी नाव पुकारलं, कोणी सोबतच्या प्रवाशानं पासपोर्टात डोकावलं, तर तिथे मी असावा. यात काही वाईट आहे असं मला अजूनही वाटत नाही. पण मी पत्नीला ‘तिची सोय’ म्हणालो होतो आणि अण्णांना कागद मोजून दाखवले होते. त्या म्हाताऱ्या माणसानं माझ्या सातला आणि चारला मान देऊन मुलाचं नाव सोडलं होतं. चुकीचं मोजमाप मी दुसऱ्याच्या सहीसाठी पुढे केलं होतं. माझ्या कामात याला फार वाईट शब्द आहे.

गुरुवारी घरी आलो ते पत्नीला हे सांगितलं. कसं सांगावं कळेना, म्हणून आकड्यांनीच सांगितलं: चार वेळा, अर्धा तास.

“आणि बाकीचं?” ती म्हणाली.

“बाकीचं माझं. मला हवं होतं.”

“मला माहीत होतं हो.” तिनं माझ्या ताटात आमटी वाढली. “प्रमाणपत्र तुम्ही लोहचुंबकं लावून चारही कोपऱ्यांत ठोकलं होतंत. माझं लग्नाचं सर्टिफिकेट अजून प्लास्टिकच्या पिशवीत आहे.”

“ते कपाटात तू ठेवलंस?”

“नाही. तिनं. मला विचारलं, आई, काकांना वाईट वाटेल का? मी म्हटलं, ठेव, विचारतील तेव्हा बघू. तुम्ही विचारलंच नाहीत.”

मी भात कालवला.

तरी मुलीला विचारायचं होतंच. मनातलं सांगितल्यानं निर्णय होत नाही. शनिवारी सकाळी मी जेवणाच्या टेबलावर दोन फॉर्म ठेवले. दोन्ही छापलेले, सगळे रकाने भरलेले, फक्त एका ठिकाणी वेगळे. ती दुधाचा वाडगा घेऊन आली. केस विंचरलेले नव्हते.

“काका, व्हॉट इज धिस? दोन का?”

“तुझा नवीन पासपोर्ट काढायचाय. हा एक असा आणि हा एक असा. वाच आणि काय वेगळं आहे ते सांग.”

तिला असले खेळ आवडतात. बोट ठेवून ती रकाने मोठ्यानं वाचू लागली. जन्मतारीख, जन्मगाव, उंची. नावापाशी थांबली. मग दुसऱ्या कागदावर. पुन्हा पहिल्यावर.

“धिस वन इज रॉंग,” ती म्हणाली. “त्या आंटींसारखं.”

“चूक नाही. तसंही करता येतं. तुला हवं असेल तर.”

“मग पप्पांचं कुठे लिहायचं?”

“मधे नाही येणार. दुसरीकडे कागदांत राहील.”

ती चमचा वाडग्यात फिरवत राहिली. मी घाई केली नाही. पत्नी ओट्यापाशी पाठमोरी होती, आणि तिथे त्या वेळी करण्यासारखं काही काम नव्हतं हे मला दिसत होतं.

“पप्पा आता नाहीत म्हणून?” मुलीनं विचारलं.

“तसं नाही...” मी म्हणालो.

तिनं फॉर्म स्वतःकडे ओढला आणि खाली, जिथे पालक म्हणून माझं पूर्ण नाव होतं, तिथे बोट ठेवलं. माझ्या नावाचं पहिलं पद तिला माहीत होतं, आडनाव माहीत होतं. मधलं तिनं अडखळत, अक्षर लावून वाचलं.

“हे कोण?”

“माझे वडील.”

“कुठे असतात?”

“ते गेले. मी कॉलेजात असताना.”

“म्हणजे तुमचे पण नाहीत?”

“नाहीत.”

“मग तुम्ही त्यांचं नाव का नाही काढलं?”

पत्नीनं ओट्यापासून मागे वळून पाहिलं. मी माझं नाव हजारो वेळा लिहिलं असेल, रोजच्या मोजमापाच्या प्रत्येक पानाखाली. तीस वर्षांत तो प्रश्न मला कोणी विचारला नव्हता. विचारण्याजोगा आहे असंही वाटलं नव्हतं.

“कोणी काढायला सांगितलं नाही,” मी म्हणालो. “आणि सांगितलं असतं तरी काढलं नसतं.”

“मग माझं पण राहू दे.” तिनं माझ्या नावाचा फॉर्म बाजूला सरकवला, रागानं नाही, खेळात हरलेला पत्ता सरकवावा तसा. मग एकदम माझ्याकडे पाहिलं. “तुम्हाला वाईट वाटलं?”

“थोडं.”

“किती?”

“दहापैकी तीन.”

“थ्री इज ओके,” ती म्हणाली. “पण पालकमधे तुमचंच लिहायचं हां. आईचं आणि तुमचं.”

“लिहिलंय. बघ.”

तिनं पाहून खात्री करून घेतली. दुपारी मी अण्णांना फोन करून सांगितलं की कागद पाठवत नाही, नाव आहे तेच राहतंय, आणि आधीचा हिशोब माझा चुकला होता. मग त्यांनी मोठ्या आवाजात विचारलं, “अहो, पण तुमची अडचण?” मी म्हणालो, अडचण नव्हतीच. ते “बरं बरं” म्हणाले आणि फोन आजींकडे देतो म्हणाले. पण दिला नाही. स्वतःच धरून बसले आणि मला पुन्हा एकदा गरमीबद्दल विचारलं.

सही मात्र सकाळीच झाली होती. अर्जदाराच्या सहीसाठी छोटी चौकट असते आणि लिहिता येणाऱ्या मुलांनी स्वतः सही करायची असते. मी काळं पेन दिलं आणि चौकटीच्या आत राहायला सांगितलं. तिनं पूर्ण नाव लिहायचं ठरवलं, तिन्ही पदं, जीभ बाहेर काढून, मोठ्या अक्षरात. तिचं नाव मावलं, वडिलांचं मावलं, आडनाव चौकटीबाहेर गेलं. केंद्रात असा फॉर्म घेत नाहीत. मी दुसरी प्रत काढायला उठलो.